शिस्त कुठल्या डोळ्यानं

४ जानेवारी

डुकरांनी शेजारच्या दादासोचा मका परत आडवा केला. ती मारायला वनखात्याचा परवाना आला आहे आणि त्यावर नाव माझं — गावात लायसनची बंदूक माझ्याकडेच, वर पलटणीतून सुभेदार होऊन आलेलो. चावडीत सगळे एकदम म्हणाले, "सुभेदार हायत की!" जसा काही मी रोज बंदूक घेऊनच पारावर बसतो! बरं मात्र वाटलं. खोटं कशाला लिहू.

डुकरं येतात अंधारात. म्हणजे अंधारात दिसणारं, नेम धरून देणारं काहीतरी हवं. जयराजनं पुण्याहून फोनवर चित्रं पाठवली — लेझर, लाल ठिपक्याची काच, रात्रीची दुर्बीण. "आप्पा, लेझर घ्या. ठिपका पडला की दाबायचं!" पोरगा माझाच, पण बंदूक कधी हातात धरलेली नाही.

७ जानेवारी

सांगलीला जाऊन आलो. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तिन्ही बघितली.

लेझर — बाद. गोळी कुठं लागेल एवढं सांगतो. तिथं उभं कोण आहे, ते नाही सांगत. शिवाय ठिपका फुटलेला.

लाल ठिपका — कसला ठिपका, शेवंतीचं फूल! "बारीक करा," म्हटलं. "सर, एकदम बारीकच आहे." चिनी माल, दुसरं काय.

दुर्बीण — त्या काळोखात भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. पण धुरकट. दुकानदारानं काच पुसली. परत धुरकट. त्यानं परत पुसली आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

दुर्बीणच आणली, चार दिवस बघायला. बंदुकीवर चढवायची का, ते वनखात्याच्या साहेबांना विचारून. तोवर नुसती हातात धरून बघणार.

८ जानेवारी

जेवताना विजयमालेनं विचारलं, "आन शिस्त कशानं घेणार?"

हसू आलं. हा शब्द तिच्या तोंडी माझ्यामुळं. पलटणीत नेम धरण्याला शिस्त म्हणतात. नवीन लग्न झालेलं, तेव्हा मी पत्रात लिहिलं होतं — माझी शिस्त कंपनीत सगळ्यात चांगली. हिनं घरभर सांगितलं, आमचे हे फार शिस्तीचे झालेत! आई म्हणाली होती, "बघू की, घरी आल्यावर जेवल्यालं ताट उचलतोय का."

नव्हतं उचललं.

१० जानेवारी

साहेबांचा फोन लागत नाही. दादासो रस्त्यात भेटला, मक्याचं सोडून बाकी सगळं बोलला. तेच जास्त लागलं.

१२ जानेवारी

लिहूनच काढतो.

काल रात्री विजयमालेला घेऊन बांधावर बसलो. नुसती दुर्बीण, बंदूक घरी. मक्याशेजारी दादासोचं मोकळं रान आहे. तिथं खतासाठी हरिबाच्या मेंढ्या बसवल्यात. हरिबा कवठे महांकाळकडचा धनगर, दर साली येतो. त्याचा तळ पार पलीकडच्या टोकाला.

अलीकडं, मक्याच्या कडेला, काहीतरी हललं. बुटकं, पाठीला कुबड, तोंड मातीत. डुक्कर! एकटा नर. श्वास रोखला. दुर्बिणीतली फुली खांद्यामागं आणून ठेवली. शिस्त पक्की! बोट आपोआप वाकलं.

हळूच म्हटलं, "बघ. आलं."

तिनं डोळा लावला न लावला तोच — "आवं, हरिबा हाय की त्यो! घोंगडं दिसंना व्हय?"

आणि माझं डुक्कर उठून उभं राहिलं. खोकलं. हातात ओलं कोकरू. "कोण हाय रं तिकडं? मेंढी व्यालीया, वाईच बॅटरी दावा!"

दाखवली बॅटरी. हातात बंदूक असती तर — पुढं लिहवत नाही.

हरिबानं कोकरू घोंगड्यात घेतलं. जाताना म्हणाला, "सुभेदार राकणीला हायत म्हून आमी बिनघोर झोपतोय बगा."

१३ जानेवारी

कॅलेंडरसमोर उभं राहून एकेक डोळा झाकला. डाव्यानं तारखा वाचता येतात. उजव्यापुढं साय धरल्यासारखी झाली आहे. यंत्रं तिन्ही चांगली होती! त्या दुकानदाराला उगाच काच पुसायला लावली.

दुर्बीण परत. परवान्यातलं नाव काढायला सांगायचं. बंदूक, काडतुसं ठाण्यात जमा. गावाला काय सांगू? जे आहे तेच. जीभ रेटत नाही, पण हरिबाचं ते बिनघोर झोपणं डोक्यातून जात नाही.

विजयमालेला मात्र आज सांगवलं नाही. तिच्या लेखी मी अजून सगळ्यात चांगल्या शिस्तीचा.

१५ जानेवारी

ठाण्यात न्यायला काडतुसांचा डबा काढला. हलका लागला. उघडला — आत हळकुंडं!

विजयमाला भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवाळीत बुजगावण्याला च्या प्यायला हाक मारलीसा, तवाच काडून ठेवली. शिस्त गेलीया तुमची. मला काय कळत न्हाई व्हय?"