आक्काच्या शेळ्यांची शेड

अंजूर, ८ मार्च २०२५

ती. आक्काआत्यास,
भावेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माझं अक्षर बघून हसू नको.

तू म्हणालेलीस, शेळ्यांना जागा असेल तरच मुरबाड सोडून आमच्याकडे राहायला येईन. झाली जागा! अंगणातल्या जुन्या काँक्रीटच्या कोब्यावर शेडचा लाकडी सांगाडा उभा केलाय, मी एकट्याने. फक्त पत्रे बाकी.

सांगाडा कोब्याला बोल्टांनी जखडायला धामणकर नाक्यावरून ड्रिल भाड्याने आणलं. दुकानदाराने हिंदीत विचारलं, पहिल्यांदाच का, तर मी मान उडवली. पहिलं भोक वाकडं गेलं. दुसऱ्यातली धूळ न काढताच बोल्ट ठोकला, तो अर्ध्यातच अडकला. बाकीचे झकास! लाकडाखाली डांबरी कागद घातला, म्हणजे ओल चढणार नाही. मग वायसर, नट, आणि पाना असा आवळला की मीच मागे पडलो. वादळात घर उडेल, शेड नाही. आई दारातून सारखं काहीतरी ओरडत होती, पण माझ्या कानात बोळे. कौतुकच असणार, म्हणून अंगठा दाखवला.

बाबा गुजरातच्या फेरीवरून आले की टेम्पो पाठवतो. तुझा लोभ नटासारखा आवळून ठेव.

तुझा भावेश

मुरबाड, १५ मार्च

चि. भावेशला आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. एवढी हसले की शेळ्या घाबरल्या. मग हसू गेलं.

अरे, तो कोबा गावदेवीच्या पालखीचा हाय. तुझ्या आजाने पालखी टेकवायलाच घातलेला. चैत्रात देवी तिथंच बसते. तू ठाण्याच्या शाळेत वाढलास, तुला कसं ठाऊक असणार? पण लोक तुझ्या बापाला काय म्हणतील? बहिणीच्या शेळ्यांपायी देवीला हटवली. तसल्या जागेवर मी न्हाय यायची. मी इथंच बरी हाय.

तुझ्यावर राग न्हाय, पोरा. आईला माझे आशीर्वाद सांग, पण आधी कानातले बोळे काढ.

तुझी आक्का

अंजूर, १५ एप्रिल

ती. आक्काआत्यास शि. सा. न.

बोळे काढले. आई दारातून हेच ओरडत होती! माझा अंगठा बघून तिला वाटलं, पोराने गावात विचारलंय.

तोंड पाडून पालखीवाल्या जीवनकाकांकडे गेलो. त्यांनी सांगाडा हलवून बघितला आणि विचारलं, खांब गाडलेत का? कोबा फोडून गाडायची हिंमत नव्हती, म्हणून तर बोल्ट घेतलेले. मग नट सोडले की उचलता येईल, काका म्हणाले. माझं तेवढं एकच बरोबर निघालं, तेही भीतीमुळे.

काल पालखी कोपऱ्यावर आली, तशी पालखीवाल्यांनीच नट सोडून शेड खांद्यावर उचलली आणि आंब्याखाली नेली. त्याआधी त्या अडकलेल्या बोल्टाचा नट निघेना. मी पाना धरून हिसके देत होतो, तर ढोलवाल्यांना वाटलं मी नाचतोय. त्यांनी अजून जोरात वाजवलं.

देवी टेकली. वर आलेल्या बोल्टांवर बायकांनी झेंडू खोचले. पालखी कोब्यावरून उठली आणि पुढे निघण्याआधी त्याच खांद्यांवरून शेड परत जागेवर आली. जीवनकाका म्हणाले, दरवर्षी करू, आक्काला म्हणावं ये.

आता तरी ये ना. शेडवर नाही, तर माझ्यावर लोभ असू दे.

भावेश

मुरबाड, २१ एप्रिल

चि. भावेशला आशीर्वाद.

टेम्पो पाठव. शेळ्यांना सांगून झालंय. पत्रे वजनाला हलके बघून घाल, शेड दरसाल उचलायची हाय. आणि तो पाना माझ्या खोलीत खिळ्याला टांगून ठेव. पुढच्या चैत्रात नट मीच सोडणार. अडकलेला तेवढा तुझा. ढोलवाल्यांना मी सांगून ठेवते.

येतेच हाय, माया तिथंच देईन.

तुझी आक्का