मार्थाबाईचा नारळ

पौड, २ फेब्रुवारी १९५८, रविवार
ठराव झाला. मार्थाबाईला सहा महिने प्रभुभोजनाची भाकर बंद. दवाखान्यात आया, गळ्यात क्रूस, आणि मरीआईपुढे नारळ ठेवून आली! पंच डेव्हिडरावांनी डोळ्यांनी पाहिलं. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदाच येतात, म्हणून आजच निकाल. पंच आम्ही तिघं. ठराव मी लिहिला. शाळामास्तर ना, अक्षर चांगलं.

विचारलं, कुणासाठी ठेवलात? खाली मान. "ठेवला, व्हय." पुढे चकार शब्द नाही.

नियम सगळ्यांना सारखा, असं मीच म्हणालो. जरा मोठ्यानेच.

५ फेब्रु.
आमच्या मिनीच्या खपल्या पडल्या. पोर देवीच्या आजारातून उठली, प्रभूची कृपा. पंधरा दिवस मार्थाबाईच उशाशी होती. तिला लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, म्हणून भीती नाही. पण उपकार वेगळे, नियम वेगळा. बायकोला, सरलाला, तसं समजावलं. ती ताटावरून उठली. बायकांना न्याय कळत नाही.

१६ फेब्रु., रवि.
करुणाचं लग्न अडलं. मार्थाबाईची एकुलती एक लेक, ईस्टरनंतरचं ठरलेलं. नगरकडच्या व्याह्यांना कुणीतरी कळवलं. (कुणीतरी! डेव्हिडराव, दुसरं कोण.) त्यांचा निरोप: आईला चर्चच्या मंडळीने परत घेतल्याचा पाळकांचा कागद ईस्टरपर्यंत आणा, नाहीतर सोयरीक मोडली.

मी म्हणालो, अशा बायकांनी आधीच विचार करावा. सरला चुलीपुढे होती. वळली पण नाही. "नारळ आपल्या घरातला होता."

नाताळच्या करंज्यांतून उरलेला. मिनी तापात बरळत होती, तेव्हा मी पुण्याला, शिक्षकांच्या सभेत. हिनं दिला, हिनंच पाठवलं. "मास्तरांची बायको तिथं कशी जाणार?" म्हणे.

म्हणजे कुणासाठी, ते त्या दिवशी मीच विचारत होतो. माझ्याच पोरीसाठी.

१७ फेब्रु.
वर्गात सगळ्यांवर खेकसलो. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. झाकलेलं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. आता ठाऊक आहे, हेही खरंच.

२३ फेब्रु.
मार्थाबाईकडे गेलो. दारातच पाट दिला. म्हणालो, तेव्हाच का नाही सांगितलं?

"सांगून काय व्हणार व्हतं, मास्तर? तुमच्या बाईला भायेर बसवलं असतं, तर तुमी शाळंत तोंड दावलं असतं का? पोरगी वाचली न्हवं, झालं." मग तांदूळ निवडत, माझ्याकडे न बघता: "माज्या करुणाचं तेवढं बगा. तिनं कुणाचं काय केलंय?"

बघतो म्हणालो. चहा घेतला. लाज नाही वाटली घ्यायला.

२ मार्च, रवि.
पाळकसाहेब आले. जेवायला आमच्याकडेच. "काय मास्तर, काही विशेष?" "नाही साहेब." सरला वाढत होती. भात वाढता वाढता हात थांबला तिचा. मग उपासनेत प्रभुभोजनाची भाकर मीच फिरवली, ताट घेऊन, ओळीओळीतून. मार्थाबाई दाराशी, चपलांपाशी बसलेली. तिला टाळून पुढे गेलो.

९ मार्च
डेव्हिडरावांना आडून विचारलं, ठराव मागे घेता येईल का? "येईल की! कारण लिहावं लागेल. आहे का कारण?" आणि हसले. माहीत असावं त्यांना. की माझ्याच मनात...

शाळा मंडळीची, घर शाळेचं. पाळकांना पत्र लिहिलं. पाकिटात घातलं. फाडलं.

३० मार्च, रवि.
व्याह्यांचं दुसरं पत्र. कागद कुठाय?

सरला: "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"
मी: "ईस्टर होऊ दे."
सरला: "ईस्टर झाल्यावर काय राहतंय सांगण्यासारखं?"
ओरडलो तिच्यावर. मिनी रडायला लागली. चेहऱ्यावरचे वण अजून लालच आहेत तिच्या.

६ एप्रिल, ईस्टर
हॉल भरलेला. नवी लुगडी, फुलं. प्रार्थना झाली, भाकरीचं ताट माझ्या हातात आलं. सरला पुढच्या सतरंजीवरून उठली, सरळ मागे गेली आणि मार्थाबाईशेजारी बसली. चपलांपाशी.

पाळकसाहेब म्हणाले, "सरलाबाई, पुढे या."
"मार्थाबाईंना बोलवा, मग येते. नारळ माझा होता."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ताट मेजावर ठेवलं. बाहेर कुणी म्हणालं, मास्तरांनी हिंमत दाखवली. कसली हिंमत! पुढच्या ओळीकडे वळावं की सरलाकडे, कळेना म्हणून ठेवलं.

पाळकसाहेब मुक्कामाला थांबलेत. म्हणाले, दोघींचा विचार आता एकदमच होईल. करुणाचा कागद तोवर नाही. मंगळवारी पंच बसणार. डेव्हिडराव निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ठराव तुम्हीच लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

८ एप्रिल, मंगळ.
पंच चारला येतील. ठरावाची वही काढली. २ फेब्रुवारीचा माझाच ठराव वाचला. एकही खाडाखोड नाही.

सरलानं विचारलं, "काय लिहिणार?"

तारीख घातली. खाली, पंचांच्या नावांत, पहिलं माझं येतं. पेन तिथंच थांबलंय. साडेतीन झाले.