उलटवलेली कॉलर

मी, गल्लीतली शिवणवाली मावशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. शंका असेल त्याने येऊन बघावं.

१. शिलाई मशीन, कात्र्या व बटणांचे डबे माझ्या लेकीला द्यावेत. तिचे वडील गेल्यापासून ती माझ्या शेजारी बसून काज-बटणं करत आली. मशीनचा पट्टा सैल आहे, ते तिला ठाऊक आहे.

२. बँकेत असेल त्यातून माझे अंत्यविधी उरकावेत. जाऊबाईंना काही नाही. ‘बिचारी’ हा शब्द त्यांनी मला जन्मभर फुकट पुरवला, तो साभार परत.

३. आता चिरंजीव. साहेब झाला, आनंद आहे. पण शाळेतल्या सत्कारात माइकवर म्हणाला, “आम्ही इतके गरीब होतो, मी फाटक्या शर्टात शाळेत यायचो.” लोक हळहळले. पहिल्या रांगेत माझ्या अंगाची लाही लाही झाली. फाटका? माझ्या घरातून? कॉलर विरली की मी ती उसवून, उलटवून, चांगली बाजू वर घेऊन शिवायची. कमाई तुटपुंजी होती, दुधात पाणी असायचं, कबूल. पण दारात आलेल्याला जेवायला थांबवताना मी कधी पातेल्यात डोकावले नाही. पाहुणा दिसला की ज्या घरात भांड्यांवर झाकणं पडतात, त्याला मी गरीब म्हणते. आमच्याकडे ताट वाढलं जायचं.

घरी येताना जाब विचारला, तर म्हणाला, “आई, लोकांना असंच ऐकायला आवडतं.”

“मग लोकांनाच आई म्हण,” म्हटलं.

४. माझ्या मालकीच्या दोन खोल्यांपैकी स्वयंपाकाची लेकीची. बाहेरची मुलाची, पण एका अटीवर. ट्रंकेत वरच त्याचा शाळेचा शर्ट आहे. तो त्याने त्याच माइकपुढे न्यावा आणि कुठे फाटलाय ते बोट ठेवून दाखवावं. सापडलं नाही तर तसं तोंडाने सांगावं, तरी खोली त्याचीच. मी आई आहे, वैरीण नाही. गप्प बसला तर मात्र तीही लेकीची.

हवं तर कॉलर उसवून बघावी. विरलेली बाजू आत आहे. वर्गात ती मी कुणाला दिसू दिली नव्हती.

सही: शिवणवाली मावशी
स्थळ: राहते घर, मशीनपाशी
दिनांक: सोमवार, बारा जून

साक्षीदार:
१. शेजारच्या नर्सबाई. मावशी पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)
२. खालचा इस्त्रीवाला. शर्ट उजेडात धरून पाहिला. फाटका नाही. (सही)