वेसाने नजरेआड केलेली आजी

लोइमा, ३ नोव्हेंबर

चि. वेसास आजीचे आशीर्वाद. मी कोण ते आठवतंय ना? तुझ्या आईची आई. शेजारची लेम्पी लिहून घेते आहे. मला अक्षरं येत नाहीत, पण तुझ्यासारखं विसरताही येत नाही.

माझ्या जुन्या संगणकात लिनक्स नावाची नवी प्रणाली घातलीस आणि गाईला पाचवा पाय बसवल्यासारखा मिरवलास. सगळं शिकवलंस, फक्त कोपऱ्यातली बारकी रेघ दाबली की माणूस जातो कुठे, तेवढं राहिलं. परवा तू पडद्यावर बनियन घालून माझ्याशी बोलत होतास आणि दारात पाद्रीबुवा. आपल्या रोमा जमातीच्या घरांत अर्धा उघडा नातू पाहुण्यांना दाखवत नाहीत, म्हणून रेघ दाबली. तू गेलास, पण तुझ्या हाका चालूच. खाली पट्टी नाही, खूण नाही. पाद्रीबुवांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. शेवटी वायर उपटली. अरे, मांजरसुद्धा लपताना शेपूट बाहेर ठेवतं.

लोभ किती ठेवायचा ते उत्तर पाहून ठरवीन.

आजी


हेलसिंकी, ८ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पट्टी नसणं हीच या मांडणीची शान आहे, पण ते तुला पटायचं नाही. रेघेने खिडकी बंद होत नाही, नुसती नजरेआड होते. बोलणं चालूच राहतं. लांब बटणाच्या लगेच डावीकडचं बटण दाबून धर आणि दोन उलटसुलट बाणांचं बटण टिचकव. सगळ्या खिडक्यांची चित्रं रांगेत येतील.

रविवारी आई माझ्याकडे येते आहे, दोघं मिळून बोलू. थंडीत एकटीने लाकडं फोडू नकोस. काळजी वाटते.

तुझ्या रागातही लोभ असतो, तो राहू दे.

वेसा


लोइमा, १७ नोव्हेंबर

चि. वेसास आशीर्वाद, रिवाज म्हणून.

तुझी युक्ती चालली. बाण टिचकवले की भजन, हवामान आणि तू, सगळे रांगेत उभे.

रविवारी मात्र रेघ तू दाबलीस. वडीलधाऱ्यांसमोर नको ते बोलू नये, ही रीत पाळलीस, शाबास. पण स्वतःच लिहिलेलं विसरलास. मी तुझ्या पडद्यावरून गेले, माझ्या पडद्यावर तू अख्खा होतास. मी दिसेनाशी होताच पाय टेबलावर टाकलेस आणि आईला सांगितलंस की जानेवारीपासून आजीची खोली वृद्धाश्रमात ठरली, घर भाड्याने देऊ, आश्रमात मऊ लापशी मिळते, चावायला नको. आई रडली, तर म्हणालास, म्हातारीला काय कळतंय. लेम्पी हे लिहिताना नाक शिंकरते आहे. मी नाही.

आपल्यात म्हातारं माणूस परक्यांच्या हवाली करत नाहीत. करायचंच झालं तर समोर बसून विचारतात. तेवढी छाती नव्हती, म्हणून रेघ.

मी इथून हलत नाही. लेम्पी आपली खाट घेऊन माझ्याकडे राहायला आली आहे. लाकडं तिचा मुलगा फोडतो. ठरवलेली खोली वाया जाते असं वाटलं तर तू जा, पाय टाकायला टेबल देतील.

येत्या रविवारी ये आणि जे बोलायचं ते माझ्यासमोर बोल, पाय जमिनीवर ठेवून. लोभ बंद केलेला नाही, नजरेआड ठेवलाय; कसा शोधायचा ते तुला येतं.

त्याआधी राय धान्याचा, मधे भोक असलेला पाव पाठव, वाळून खडखडीत झालेला, आणि खारवलेला मासा काट्यांसकट. लापशी पाठवू नकोस. ती तुझ्यासाठी मी इथे शिजवून ठेवते.

आजी