लॅपटॉपची शीळ

सोमवार, ३ जून

फिजीच्या या बेटावर, लेवुकाला पोचलो. बोटीत एकच उलटी झाली, तीही शेजारच्या बाईला. म्हणजे प्रवास शुभ म्हणायचा. माशांच्या कारखान्याचा वास धक्क्यावर सामोरा आला आणि पाहुण्याला सोडायला यावं तसा पार घरापर्यंत आला. साप्ताहिकाने दिलेलं घर टेकडीवर आहे. लाकडी, वर तांबडा पत्रा, समोर प्रवाळाची पांढरी रेघ आणि तिच्या अलीकडे हिरवं पाणी. सत्तावन्नाव्या वर्षी बातमीदाराला दोनच बढत्या मिळू शकतात, एक वरची आणि एक बेटावरची. मला बेटावरची मिळाली, तक्रार नाही.

माझ्या आधी इथला बातमीदार होता दीपनारायण. मार्चमध्ये गेला, हृदय, असं ऑफिस म्हणतं. त्याच्याकडून वारशाने मला तीन गोष्टी आल्या: वेताची खुर्ची, ऑफिसचा लॅपटॉप आणि लिटिया. लिटिया साठीची आहे. रोज सकाळी येते, स्वयंपाक करते, झाडलोट करते आणि न विचारता मत देते. मी दारातच तिच्याशी दहा मिनिटं बोललो, तर म्हणाली की बरं झालं बाई, हा तरी बोलतोय. मी म्हटलं की माझ्याबद्दल आजवर तक्रार उलटीच आली आहे. ती म्हणाली, येईल येईल, मीच करीन.

शैलजेला फोन केला. माझी एकुलती एक. सुव्यात हिंदी रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचते. तिची आई गेल्यापासून रोज कानावर पडणारा घरचा आवाज तेवढाच, सात वाजता, हवामानासकट. ती म्हणाली की बाबा, तिथे तरी लोकांचे उच्चार सुधारत बसू नका, बोटीत घालून परत पाठवतील. मी म्हटलं, पोरी, लबासाच्या पाठशाळेत माझ्या आजोबांनी छडी मारून शिकवलेली गोष्ट आहे ती, बेट बदललं म्हणून सुटायची नाही.

मंगळवार, ४ जून

लॅपटॉप शीळ घालतो.

कशी म्हणाल, तर एखादा डास पंचमात अडकला आहे आणि षड्जाकडे परतायची वाट त्याला सापडत नाही, तशी. बारीक, चकाकती, सुईसारखी. यंत्र चालू केलं की सुरू. चार्जर काढला, तरी आहे. पंखा म्हणावा, तर पंख्याचा आवाज खर्जातला, तो वेगळा ओळखू येतो. झाकण मिटलं की जरा दबते, जशी गुरुजींनी मान वर केली की पोरं दबतात.

योगी लोक अनाहत नाद ऐकायला बारा बारा वर्षं गुहेत बसतात. मला तो ऑफिसच्या खर्चाने मिळाला. कामगारांच्या सभेची बातमी त्याच तंद्रीत लिहून पाठवली.

गुरुवार, ६ जून

लॅपटॉपखाली टॉवेल घातला. रबराचे तुकडे घातले. दुसऱ्या भिंतीतून वीज दिली. पडद्याचा उजेड कमी केला, कारण शैलजेच्या ऑफिसात कोणाचं तरी असंच थांबलं होतं. शिळेला याचं काहीच सोयरसुतक नाही.

शेवटी आपिसाईला बोलावलं. गावातले फ्रिज, रेडिओ आणि चर्चचा भोंगा तो दुरुस्त करतो. त्याने पाठ उघडली, धूळ झटकली आणि तारेचं एक बारकं वेटोळं दाखवलं. यातून वीज वाहिली की हे कधीकधी थरथरतं आणि गातं, म्हणाला. ते अंगठ्याने दाबून धरलं आणि कान लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाला की पंडित (उच्चारांपायी मला सगळे हेच म्हणतात), हे मुकं आहे. मी म्हटलं, अरे, माझ्या कानाशी बसून गातंय. तो म्हणाला की मग यंत्राचं सोडा, कान कोणत्या साली घेतलेत ते सांगा, गॅरंटी संपली असेल. स्वयंपाकघरातून लिटिया हसली.

एक बारीकशी गोष्ट. मी खिडकीशी उभा होतो, आपिसाई जमिनीवर, खुर्ची रिकामी. लिटिया चहा घेऊन टेबलापुढून गेली तेव्हा तिने खांदे वाकवले आणि हळूच टुलोऊ म्हणाली, बसलेल्या वडीलधाऱ्यापुढून जाताना म्हणतात तसं. मी विचारलं की हे नमन नेमकं कोणाला? म्हणाली, सवय. आपिसाई अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

शनिवार, ८ जून

इस्पितळात कान तपासून आलो, लॅपटॉप काखेत मारून. आकानीसी नावाची नर्स आहे, सव्वीस वर्षांची आणि फार गंभीर. कानावर डबडी चढवली आणि सांगितलं की सूर ऐकू आला की बोट वर करा. मी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा बोट वर करत राहिलो. संपल्यावर तिने कागद पुढे ठेवला आणि म्हणाली की शेवटचे चार सूर वाजले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून नुसतेच हसत होतात.

वयाप्रमाणे वरचे सूर जातात, म्हणाली, घाबरायचं काही नाही. बोलण्यातले सुद्धा स, श असले हवेचे आवाज आधी पुसट होतात. मी लॅपटॉप चालू केला. शीळ सुरू. तिने कान लावला. काही नाही. मी तोंडाने शीळ घालून दाखवली, आणि याच्याही वर, आणखी वर, असं सांगत गेलो. तिने कागदावर बोट ठेवलं. म्हणाली की एवढ्या वरचा आवाज यातून येत असता तर मला ऐकू आला असता. तुम्हाला नाही.

उतरताना तर्क मांडला. जे माझ्या कानाला ऐकू येऊ शकत नाही, ते मला ऐकू येतं. तस्मात् मी ते कानाने ऐकत नाही. अनुमान निर्दोष आहे. मला ते मुळीच आवडलं नाही.

मंगळवार, ११ जून

सातच्या बातम्यांत शैलजा राजधानीला 'उवा' म्हणाली. उवा महापालिका. उवा बंदर. मी चहा सांडला. लगेच फोन लावला आणि म्हटलं की पोरी, जीभ भाजली का, देशाच्या राजधानीला डोक्यातून फणीने काढलंस. ती म्हणाली की मी नीट सुवा म्हणाले, हे बघा. आणि म्हणून दाखवलं. मला ऐकू आलं: उवा. तीनदा म्हणाली, तीनदा उवा.

श, ष, स. ऊष्म वर्ण, नुसत्या श्वासावर जगणारे तीन सख्खे भाऊ. वयाप्रमाणे जातात, असं ती नर्स म्हणालीच होती. मनाची समजूत घालत होतो, तेवढ्यात शैलजा म्हणाली की बाबा, तुमच्या मागे कोण शीळ घालतंय?

आजवर माझ्याशिवाय ती शीळ ऐकलेलं हे पहिलंच माणूस. क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच.

गुरुवार, १३ जून

—पादकांचा फोन आला. म्हणाले की पंडित, ही बातमी आहे की उंदराने कुरतडलेली पोथी? मी म्हटलं, छापताना तुमच्याच यंत्राने खाल्लं अ—ल. मग माझ्याकडची प्रत उघडली. भोकं माझ्याकडेही होती. बोट त्या कळीवर न्यायला गेलो, ते तिथे पडेना. कागद घेतला. त्या जागी आलं की पेन आपोआप उचललं जातं आणि रेघ उमटते. वरही उमटली आहे.

वर्णमालेत 'ह'च्या आधी उभे अ—णारे ते तीन भाऊ कानातून गेले होते, आता हातातूनही गेले. अ—र म्हणजे जे झिजत नाही, अ— आजोबांनी पाठ करून घेतलं होतं. आज अ—ते तर छडी त्यांच्या हाती देऊन म्हटलं अ—तं, गुरुजी, हात तुम्हीच पुढे करा.

मग मुलीचं नाव लिहून पाहिलं. —लजा. —लजा. —लजा.

वही मिटली.

—निवार, १५ जून

लॅपटॉप धक्क्यावरून —मुद्रात टाकला. दोन कोळ्यांनी पाहिलं. घरी आलो.

आवाज खुर्चीत होता.

लिटियाला विचारलं. ती उंबऱ्याच्या आत येईना. बाहेरूनच म्हणाली की दीपनारायणचंही अ—च झालं. आधी ते तीन गेले, मग एकेक करत बाकीचे. अखेरच्या महिन्यात त्याच्यातून तो बारीक आवाज तेवढा निघे, तोंड मिटलेलं अ—तानाही. डॉक्टर म्हणाले हृदय. पण पंडित, म्हणाली, माणू— उठून गेला, आवाज तिथून उठलाच नाही. ज्याच्या तोंडात अ—रं भरपूर, त्याच्याकडे तो वळतो.

मी म्हटलं की बाई, हे आल्या दिव—च —गायचं अ—तं. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली की रोज तुमच्या देखत त्या खुर्चीला टुलोऊ म्हणत होते, आणखी किती मोठ्याने —गायचं?

—मवार, १७ जून

—लजाचा फोन. ह—त होती. म्हणाली की बाबा, तुमची देणगी मलाही लागली, आज बातम्यांत दोनदा अडखळले. ऐकणाऱ्यांचे फोन आले की बाई अ—रं खातात, त्यांना न्याहारी देत चला. मागच्या फोननंतर कानात काहीतरी बारीक वाजतं, म्हणाली, थंडी अ—ल. आणि तुमच्या—ठी नवा लॅपटॉप घेतलाय, अगदी मुका. —निवारच्या बोटीने घेऊन येते.

ती बोलत होती तेवढा वेळ खुर्चीतला आवाज गप्प होता.

ऐकत होता.

पोरीचं पोट त्या तोंडावर आहे. अर्धं फिजी तिच्या बोलण्यावर जागं होतं. माझ्याकडे उरली अ—तील मूठभर. तिच्याकडे कोठार आहे. ती इथे येता कामा नये.

बुधवार, १९ जून

आज मीच बोटीने निघणार होतो, म्हणजे तिला यायला कारण उरलं न—तं. वारा. बोट नाही. आता थेट —निवारी.

लिटियाने दुकानातून तिला फोन केला. वडलांना बरं नाही, येऊ नका, म्हणाली. वडलांना बरं नाही म्हटल्यावर कुठली मुलगी घरी ब—ते? रजा वाढवून येते आहे.

मी फोन उचलत नाही. ती बोलली की तो ऐकतो.

गुरुवार, २० जून

मी तारेच्या जमान्यातला बातमीदार. जितकी कमी अ—रं, तितकी चोरायला कमी. आवाज नको, लिहूनच पाठवायचं. त्या तिघा भावांची गरज नाही. दोनच पुरेत.

न ये.

पाठवलं. पोचल्याची खूण आली. किती दिव—नी भूक लागली. लिटियाकडून उकडलेला दालोचा कंद दोनदा मागून घेतला.

—क्रवार, २१ जू—

तिचं उत्तर. इतकं मोजकं आणि इतकं गोड बोलावणं कधी आलं —व्हतं, बाबा. उद्या येतेच.

मी पाठवलेलं उघडू— पाहिलं. तिथे एकच अ—र.

ये.

पु—हा लिहिलं. ये. पु—हा. ये. ती म्हणते, आले, आले, धीर धरा.

त, थ, द, ध, आणि मग हात उठतो.

—कार गेला माझा.

——वार, २२ जू—

धक्का. बोट दि—ते आहे. कठडा धरू— ती उभी. बगलेत खोकं.

हात हलवतो, मागे, मागे. तिला बोलावणं वाटतं, हिंदीतलं 'आ', म्हणजे ये. आपल्याकडे बोलावतातही तळवा खाली धरू—च. लोक ह—तात. बापाची माया बघा, म्हणतात.

आवाज माझ्या मागे इथवर आला आहे. आता थांबला. ऐकतो आहे.

फळी टाकली. ती उतरते आहे. अजू— एक वाट आहे, तिला त्या चौघांतलं कुणी लागत —ही. वही उंच धरतो, पा—भर मोठं लिहितो

परत जा

परत जा

पर— जा

प—— जा

——— आ

आ

आ