बारावा प्रश्न

गुरुजी, तुमच्या दरबारात एक तक्रार गुदरायची आहे. आज या घरात मला नाक पुसायला एकही रुमाल उरलेला नाही. सात होते, कडेला निळी रेघ असलेले, ऑफिसात न्यायचे. सातही बायकोने शिवणयंत्राखाली घातले, घड्या करून चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि आमच्या मुलीकडे पाठवून दिले. ना नोटीस, ना सुनावणी. मी रीतसर निषेध नोंदवला तर म्हणाली, "बाहीला पुसा." तुम्ही असतात तर तिचीच बाजू घेतली असतीत, हे ठाऊक असूनही तक्रार करतो आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर हे शहर फार पसरलं. आम्ही यमुनेपलीकडे, मयूर विहारला, सोसायटीच्या फ्लॅटात राहतो. बाजार खुला झालाय म्हणतात. खालच्या दुकानात नऊ प्रकारचं कोल्ड्रिंक मिळतं. तोंडाला बांधायचा मास्क मात्र कुठेच मिळत नाही, कारण गेले तीन आठवडे एका नव्या तापाची साथ आली आहे. आधी खोकला, मग ताप, मग श्वास. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात कापूर जाळायचा ठराव एकमताने मंजूर केला. मुलगी नुकतीच डॉक्टर झाली आहे आणि एका सरकारी इस्पितळात याच तापाच्या वॉर्डात तिची ड्यूटी लागते. मुनिरक्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. साथ आल्यापासून घरी येत नाही. "तुम्हाला आणून देऊ का हे, बाबा?" असं विचारते. 

आणि तुमचा विद्यार्थी काय करतो? आरोग्य मंत्रालयात बसून संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं लिहितो. ऑफिसात मला पंडितजी म्हणतात, त्याचं पाप तुमच्या माथी. छापील प्रश्नाचं उत्तर कुणीही लिहील. खरं काम पुढचं असतं: उत्तर वाचून झाल्यावर विरोधी बाकांवरून आयत्या वेळी कोणकोणते पुरवणी प्रश्न येतील, ते आधीच ओळखून, उत्तरांसकट मंत्र्यांच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. यात माझा हात धरणारा कुणी नाही. सगळे विचारतात, पंडितजी, ये आप कहाँ से सीखे? मी सांगत नाही, की करोलबागेतल्या एका स्वयंपाकघरात.

शनिवारची दुपार. तुम्ही पाटावर बसून दोडक्याच्या शिरा काढताय, मी समोर न्यायशास्त्राची पोथी घेऊन. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं आणि मग खोडायचं, असा तो पाठ आहे. मी मोठ्या ऐटीत दोन वाक्यांत ते मांडतो, तिसऱ्यात उडवून लावतो. तुम्ही विळी आडवी करता. "हा कुणाचा पूर्वपक्ष? तुझ्या सोयीचा. तो माणूस इथे बसला असता तर म्हणाला असता का, की हो, मला हेच म्हणायचंय?" मी पोथीची पानं चाळतो. "तुला उत्तर येत नाही तोच प्रश्न पहिला मांडायचा. नाहीतर ऊठ आणि तबला शीक." महिनाभर तुम्ही मला फक्त विरुद्ध बाजूने बोलायला लावलंत. शेवटच्या शनिवारी कपाटातून तुमचं रेशीमकाठी उपरणं काढून माझ्या खांद्यावर टाकलंत आणि पुन्हा दोडक्याकडे वळलात.

तर यावेळचा प्रश्न होता: साथीला तोंड द्यायची सरकारची तयारी काय? उत्तरात एक ओळ अशी, की कर्मचाऱ्यांसाठी मास्क आणि हातमोज्यांचा पुरेसा साठा उपलब्ध आहे. कागदोपत्री खरंच होतं ते. मी अकरा पुरवणी प्रश्न काढले, आणि पेन्सिलीने बारावा लिहिला: हा साठा वॉर्डांत पोचला आहे काय? उत्तरासाठी भांडाराला फोन लावला. "माल तो निकल गया, पंडितजी." पोचला का? "पहुँचना हमारा सेक्शन नहीं है." ज्यांचा सेक्शन होता ते रजेवर होते. साहेब फोल्डर मागत होते. मी खोडरबर घेतलं. कुणी दबाव आणला नाही, गुरुजी, कुणी धमकावलं नाही. अकरा उत्तरं इतकी सुबक होती, आणि बाराव्यापुढे नुसती कोरी जागा बरी दिसत नव्हती.

सभागृहात मी अधिकाऱ्यांच्या सज्जात चिठ्ठ्या सरकवायला तयार बसलो होतो. विरोधी पक्षाचा एक सदस्य उठला, मला वाटलं आता विचारतो. त्याने विचारलं, विमानतळावर तपासणी उशिरा का सुरू झाली. तो माझा चौथा. मंत्री म्हणाले, तुमचं राज्य होतं तेव्हाच्या साथीत तुम्ही काय दिवे लावलेत? मग पाऊण तास दोन्ही बाजू मागच्या साथींतली मढी उकरत राहिल्या. बाकं वाजली, एकाने कागद फाडले, तास संपला. बारावा कुणाला सुचलाच नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

हल्ली हा प्रश्नोत्तरांचा तास टीव्हीवर दिसतो. संध्याकाळी मुलीचा फोन आला, हसत होती. "बाबा, पुरेसा साठा? सीरियसली? चार दिवस एकच मास्क धुऊन घालतोय आम्ही. हे लिहितं कोण, यार?" मी म्हटलं, "सेक्शनमध्ये कुणीतरी मसुदा करतं." तिचं हसणं थांबलं. मग हळूच म्हणाली, "अच्छा." तिला कळलं. फोन ठेवला तेव्हा बायको माझ्या रुमालांचा खण उपसत होती.

रुमाल संपल्यावर मी कपाट उघडलं. तुमचं उपरणं मी मास्कांसाठी स्वतःच्या हाताने कापलं, काठ तेवढे बाजूला ठेवले. काल ते घेऊन मुनिरक्याला गेलो. ती खाली आली, पण चार पायऱ्या वरच थांबली आणि मला पिशवी पायरीवर ठेवायला लावली. आत डोकावून म्हणाली, "हे ते तुमच्या सरांनी दिलेलं दुपट्टा-टाइप ना? का कापलंत?" उपरणं हा शब्द तिला येत नाही, शिकवायचा राहून गेला. तिच्या तोंडाला माझाच रुमाल होता, निळ्या रेघेचा. त्याच्या आत ती दोनदा खोकली. डोळे लाल होते. "झोप नाही झाली, बस. बिल्कुल ठीक आहे मी." विचारायचं होतं ते तीन शब्दांचं होतं: ताप आहे का? मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, हो. मी बस पकडली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा तुमच्यापुढे तरी सुबक उत्तर कशाला लिहू? मला मंत्र्याची, सभागृहाची, चौकशीची काळजी नाही. माझ्या मुलीला ताप आहे असं मला वाटतं. सकाळपासून टेलिफोनशेजारी बसलो आहे, आणि अजून मी नंबर फिरवलेला नाही.