कणगीतलं बियाणं

कुसगाव, मे १९४१

चि. मुकुंदास,

नेहमीसारखा आशीर्वाद लिहायला घेतला, पण हात वळला नाही.

लोणावळ्याच्या पाहुण्यांना गावचा आंबेमोहर जेवू घालायचा, हा तुझ्या ग्रामसेवा मंडळाचा बेत ऐकून मला कोण आनंद झाला होता! माझ्या वर्गात मान डोलावत भातखाचरांची कविता म्हणणारा तू डोळ्यांपुढे आलास. पण म्हणून तू मंडळाची कणगी उपसावीस? सगळ्या गावाने मूठमूठ घालून राखलेलं बियाणं होतं ते! कांडायला बसवलेल्या धोंडाबाईने तुला बजावलं होतं, "भाऊ, ह्ये बी हाय. ह्ये खात न्हाईत."

तू हसून म्हणालास, "मावशी, एक दिवस चालतं."

"चालतं? मग पेरायचं काय, तुमची टोपी?"

तरी तू थांबला नाहीस. पाहुणे जेवले, भाताच्या वासाची तारीफ करत मोटारीत बसले.

आता शेतात पालापाचोळा जाळून राब भाजून झालेत. रोपांसाठी बी टाकायला जमीन काळीभोर होऊन वाट बघते आहे. आज बायका सुपं घेऊन कणगीपाशी आल्या आणि तळ पाहून रिकामी सुपं घेऊन परतल्या. कुणी तुला शिवी दिली नाही. ती मी देतो, नालायका!

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं, तर मंडळाच्या पुढच्या सभेत तू ते सुरेख वाचून दाखवशील आणि लोक टाळ्या वाजवतील. त्यापेक्षा धोंडाबाईचं रिकामं सूप घेऊन मीच सभेला येतो. सगळ्यांदेखत त्यात काय घालतोस, ते बघू.

तुझा काका,
गंगाधर